मुरघास खाऊन दाखवणारा माणूस

आमच्या धाकट्या बंधुराजांचा धंदा काय, असं कोणी विचारलं तर मी सांगते, ते मुरघास खातात. विकतात वेगळंच काहीतरी, पण लोकांच्या लक्षात राहतं ते खाणं. गाई पाळणाऱ्या माणसांत त्याचं खरं नाव कोणाला ठाऊक नाही. सगळे त्याला रवंथराव म्हणतात. ही चेष्टा आहे हे त्याला अजून उमगलेलं नाही. त्याला वाटतं, पदवी मिळाली.

ज्यांचा गोठ्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. हिरवा मका कापायचा, त्याची बारीक कुट्टी करायची, ती खड्ड्यात भरायची, वरून ट्रॅक्टर फिरवून घट्ट दाबायची आणि ताडपत्री टाकून हवा बंद करायची. आतल्या आत ती आंबते आणि टिकते. त्याला मुरघास म्हणतात. हिरवा चारा संपला की जनावरं त्यावर तगतात. आता हा मका नीट आंबावा, सडू नये, खड्डा उघडल्यावर त्याला बुरशी येऊ नये म्हणून भरतानाच त्यात एक आम्ल फवारता येतं. ते निळ्या कॅनमधून येतं आणि झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी काढतं. योग्य प्रमाणात आणि सगळीकडे सारखं फवारलं तर ती फार कामाची वस्तू आहे. हे मी भावावरचा राग बाजूला ठेवून सांगते. हे कॅन माझा भाऊ विकतो.

विकायची त्याची रीत अशी. कोणाच्या तरी खड्ड्यापाशी गिऱ्हाइकं जमवायची. शर्टाच्या बाह्या वर सारायच्या. खड्ड्यात हात घालून मूठभर मुरघास काढायचा, तो उजेडात धरून सराफासारखा निरखायचा, नाकाशी नेऊन डोळे मिटायचे आणि मग सगळ्यांच्या देखत तोंडात टाकायचा. त्यानंतर तो चावत राहतो. घाई नाही, गडबड नाही. लोक त्याच्या जबड्याकडे टक लावून बघतात. शेवटी घास गिळल्याचा आवाज येतो आणि बंधुराज आपलं ठरलेलं वाक्य म्हणतात, "जे माझ्या पोटाला चालतं ते जनावराच्या पोटाला चालतं." गाईच्या पोटाला चार कप्पे असतात आणि याला एकच, तोही लहानपणापासून नाजूक, हे त्याला आजवर कोणी विचारलं नाही. माणूस आपल्यासमोर चारा खातो म्हटल्यावर लोकांची अक्कल गहाण पडते, आणि कॅन खपतात.

तसा त्याचा सगळा कारभार पहिल्यापासून तोंडाचाच. शाळेत तो खडू खायचा. भूक म्हणून नव्हे, वर्ग बघतो म्हणून. वर्ग बघेनासा झाला तेव्हा त्यानं डस्टरला तोंड लावून पाहिलं. मोठा झाल्यावर पाणी गाळायची यंत्रं विकायला लागला, तेव्हा गिऱ्हाइकाच्या दारातल्या गटाराचं पाणी गाळून तिथल्या तिथे पेलाभर प्यायचा. पुढे लहान मुलांच्या खोलीसाठी बिनविषारी रंग विकले. एका घरी त्यानं नुकतंच रंगवलेलं दार मालकिणीसमोर चाटून दाखवलं. दोनच दिवसांनी आमच्या आतेबहिणीचं लग्न होतं. तिथे हा हसला की हिरवी जीभ दिसायची, आणि हा तर प्रत्येक फोटोत हसला होता. आईनं तेव्हा कपाळाला हात लावला होता. वडील म्हणाले होते, निदान सुऱ्या तरी विकत नाही.

मग हे आम्ल आलं. कॅनवर एक चित्र आहे: हातमोजे घातलेला, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर फडकं असलेला माणूस. खाली ठसठशीत अक्षरांत सूचना. भावाचं म्हणणं, ते चित्र घाबरटांसाठी आहे. तो मोजे घालत नाही. त्यामुळे त्याच्या बोटांची सालं निघतात, त्याला बारमाही खोकला असतो आणि त्याच्या एकूण एक शर्टांना पोटावर भोकं आहेत. भावजयीनं आधी ती रफू केली, मग ठिगळं लावली, मग हात टेकले. ती म्हणते, यांच्या शर्टांतून आता पीठ चाळता येईल. बंधुराज मात्र ती भोकं सैनिकाच्या जखमांसारखी मिरवतात.

इथवर हसण्यावारी नेता येत होतं. माझ्या कालवडींपर्यंत गोष्ट आली तेव्हा मात्र माझं हसू आटलं.

माझा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. घरी येतो तो झोपायला. घरामागे आमचा एक लांबट गोठा होता, त्यात वर्षानुवर्षं मोडक्या खुर्च्या आणि टायर पडलेले. मी तो रिकामा केला, गव्हाणी बांधल्या, पाण्याचा हौद केला. गावाबाहेरच्या मोठ्या डेअरीचे मालक दूध तुटलेली वासरं बाहेर वाढवायला देतात. कालवडी भरल्या, गाभण राहण्याजोग्या झाल्या की परत नेतात. त्यांनी मला एक कळप देऊन पाहिला. म्हणाले, हा कळप अंगानं भरला तर इथून पुढे डेअरीतली प्रत्येक कालवड तुमच्याच गोठ्यात येईल. मला ते काम हवं होतं, फार हवं होतं. तोवर मी कोणाची तरी मुलगी होते, कोणाची बायको होते, रवंथरावाची बहीण होते. आता एखाद्या कामासाठी चार लोकांनी माझंच दार ठोठावावं असं मला वाटत होतं, आणि त्यात मला काही गैर दिसत नव्हतं.

कालवडी गुणी होत्या. एक सतत ओरडायची म्हणून तिला भोकाड म्हणायचे. एक बाकीच्यांना ढुशी मारून आधी गव्हाणीत तोंड घालायची आणि मग तिथेच बसून राहायची, ती साहेबीण. बाकीच्यांनाही अशीच नावं होती. सकाळी मी घमेलं घेऊन आले की सगळ्या एकदम उठायच्या, आणि तो आवाज ऐकला की माझा दिवस चांगला जायचा.

मका तयार झाला आणि खड्डा भरायचा दिवस आला. आमचा खड्डा तिन्ही बाजूंनी भिंती बांधलेला, एका बाजूला तोंड. मी ट्रॅक्टरवाल्याला दिवसभरासाठी सांगून ठेवलं होतं, कारण मुरघासात खरं काम दाबण्याचं असतं. हवा राहिली की चारा गेला. भाऊ सकाळीच आला, सोबत निळे कॅन घेऊन. बहिणीला फुकट देणार होता. मी म्हटलं, आला बाबा एकदाचा उपयोगाला.

आता त्याची अडचण अशी होती की त्यानं दुपारी तिथेच गिऱ्हाइकांना बोलावलं होतं. त्यांना भरलेला, झाकलेला, देखणा खड्डा दाखवायचा होता. त्यामुळे ट्रॅक्टर पुढे-मागे फिरायला लागल्यावर थोड्याच वेळात बंधुराज अस्वस्थ झाले. किती वेळ दाबणार, म्हणाले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, टाच रुतेनाशी होईपर्यंत. भाऊ हसला. ज्यांच्याकडे औषध नाही त्यांनी हे कष्ट करायचे, औषध असताना एवढं दाबणं म्हणजे औषधावर अविश्वास, असं त्यानं त्या बिचाऱ्याला ऐकवलं. पुन्हा कॅन पुरेसे आणलेच नव्हते. जे होते ते त्यानं तोंडाकडच्या बाजूला सढळ हातानं फवारले, आणि तिनातल्या मागच्या दोन हिश्श्यांपर्यंत पोचेस्तोवर पंप नुसती हवा फेकायला लागला. मी म्हटलं, अरे, मागचं कोरडंच राहिलं. तर म्हणतो, ताई, औषध आपोआप पसरतं. मी विचारलं, ती काय अफवा आहे का पसरायला? पण तोवर गिऱ्हाइकांची गाडी फाटकात आली होती, ट्रॅक्टरवाला रागानं निघून गेला होता, आणि बंधुराज ताडपत्रीचं टोक हातात धरून माझी वाट बघत होते. मी दुसरं टोक धरलं.

माझ्या भावाला खोटं बोलायचं नसतं, हे मी त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. त्याला फक्त दर्शनी भाग दिसतो. दार रंगवलं की त्याच्या लेखी घर बांधून झालं.

पुढे खड्डा उघडला तेव्हा समोरचा मुरघास खरोखरच छान निघाला. पिवळसर हिरवा, वासाला आंबूस-गोड. कालवडी त्यावर तुटून पडल्या. हळूहळू त्यांच्या अंगावर तकाकी आली, पाठी रुंदावल्या. डेअरीचे मालक एकदा येऊन गेले. त्यांनी साहेबिणीच्या पाठीवरून हात फिरवला आणि काही न बोलता चहा घेतला. त्यांना ओळखणारे म्हणाले, हे फार झालं, ते यापेक्षा जास्त कौतुक स्वतःच्या मुलांचंही करत नाहीत. मला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं.

आणि बंधुराजांना आयतं नाटकघर मिळालं. दर आठवड्याला तो माणसं घेऊन यायला लागला. ताडपत्री पार मागेपर्यंत उलटायची, आलेल्या प्रत्येकानं हवा तिथून मूठभर उपसायचा, वास घ्यायचा, टाकून द्यायचा. मग याचं चावणं. मग टाळ्या. ही मंडळी गेली की उंदरांनी पोखरल्यासारखा खड्डा माझ्या पदरात. मी सांगून थकले की बाबा रे, जेवढा लागतो तेवढाच उघडावा, वारा आत गेला की चारा तापतो. तो म्हणायचा, लोकांना दिसायला नको का?

समोरचा भाग संपला आणि न दाबलेल्या, न फवारलेल्या भागाला हात लागला. एका सकाळी घमेलं भरताना चारा हाताला गरम लागला. थोडं खणलं तर आतून वाफ आली. मग पांढरी जाळी दिसायला लागली, मग हिरवट-निळे गोळे. मी ते गोळे वेचून फेकायचे आणि उरलेलं घालायचे. दुसरं घालणार काय? सगळा मका त्या खड्ड्यात होता आणि सुकी वैरण थोडीशीच होती. कालवडी हुंगायच्या, दोन घास घ्यायच्या आणि गव्हाणीपासून मागे सरायच्या. शेण पातळ झालं. अंगावरचे केस राठ उभे राहिले. साहेबीण ढुशी मारायची विसरली. भोकाड तर ओरडायचीच थांबली. जिच्या आवाजाला मी रोज शिव्या द्यायचे ती मुकी झाली, तेव्हा मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टर आले. ते आणि माझा भाऊ एकाच टपरीवर चहा पिणारे, म्हणून भाऊही सोबत आला. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, खायला काय? मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, आमच्या औषधाचा मुरघास. डॉक्टर म्हणाले, मग खाण्याचा प्रश्न मिटला. जंत असतील. खड्डा त्यांच्यापासून चार पावलांवर होता, पण बूट नवे असावेत. त्यांनी जंताच्या गोळ्या दिल्या आणि गेले.

भावाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. चारा तापतो म्हणजे औषध आत काम करतंय. पांढरं दिसतं ती बुरशी नव्हे, मक्याची साखर. कालवडी खात नाहीत, कारण त्या वयात आल्यात, या वयात मुली रुसतातच. आणि फारच वाटत असेल तर, असं म्हणून तो पंप घेऊन आला आणि उघड्या पडलेल्या चाऱ्यावर त्यानं वरून कॅनभर आम्ल मारलं. वास झकास आला, अगदी पहिल्या दिवसासारखा. तो छाती फुगवून म्हणाला, बघ. मी तोच चारा भोकाडच्या पुढ्यात टाकला. तिनं नाक लावलं, फुरफुरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. वर आम्लाचा झणका, आत बुरशी तशीच. तिच्या नाकाला ते कळलं. तिला काही कॅन विकायचे नव्हते.

एवढं होऊनही एक कोडं मला सुटत नव्हतं. हा माणूस दर आठवड्याला त्याच खड्ड्यातलं खातो, मग याला काही कसं होत नाही? उत्तर भावजयीनं दिलं, तेही सहज, भाजी निवडता निवडता. ताई, म्हणाली, तुमच्या खड्ड्यातल्या चाऱ्याच्या त्या डब्यानं माझ्या फ्रिजची निम्मी फळी अडवलीय. कुठला डबा? तर, पहिल्या दिवसांतला समोरचा चांगला मुरघास बंधुराजांनी डबाभर दाबून घरी नेऊन ठेवला होता. इकडे यायला निघताना त्यातला मूठभर पिशवीत घालून खिशात टाकायचा. खड्ड्यात हात घालायचा तो नुसता देखावा. तोंडात जायचं ते खिशातलं. आजवर त्याच्या मूर्खपणावर मी हसत आले होते. हे मात्र मूर्खपणाच्या पलीकडलं होतं. बुरशी त्याला दिसत होती. त्याला सगळं कळत होतं, आणि तरी तो माझ्या कालवडींना ते घालायला सांगत होता. त्या दिवशी मला त्याचा जो राग आला तसा आयुष्यात कोणाचा आला नाही.

त्यातच निरोप आला की डेअरीचे मालक कालवडी बघायला येणार आहेत आणि पुढचं काय ते त्याच दिवशी ठरवणार आहेत. बंधुराजांना हे कळताच त्यांनी तोच दिवस साधला. त्यांच्या कंपनीचे मोठे साहेबही बोलावले, गिऱ्हाइकंही. एवढा मोठा डेअरीवाला समोर असताना चावायला मिळणं म्हणजे त्याच्या जन्माचं सोनं होणार होतं. साहेबांनी त्याला मोठ्या भागाची जबाबदारी द्यायचं कबूल केलं होतं म्हणे.

मी मनाशी एक ठरवलं. मालकांना मी सांगितलं असतं की चारा खराब आहे, तर त्यांना वाटलं असतं, कालवडी वाळवल्या आणि आता खड्ड्यावर ढकलते. माझ्या शब्दाला वजन नव्हतं. वजन होतं ते माझ्या भावाच्या तोंडाला. त्या तोंडानं 'हे खाण्यासारखं नाही' म्हटलं की संपलं. मालक आपल्या डेअरीतून सुकी वैरण पाठवतील, खड्डा उपसून फेकू, आणि कालवडी महिन्याभरात पुन्हा उभ्या राहतील. म्हणजे त्याला खिशातलं नव्हे, खड्ड्यातलं खायला लावायचं. तो खाणार नाही याची मला खात्री होती. ते कोणीच खाल्लं नसतं.

माणसं जमली. मालक गर्दीत न येता थेट गोठ्यात गेले आणि एकेका कालवडीसमोर थांबत राहिले. भोकाडच्या बरगड्यांवर हात ठेवून ते बराच वेळ उभे होते. मग बाहेर आले. तोवर बंधुराजांनी बाह्या वर सारल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात खिशाकडे निघाला होता. मी पुढे झाले. मागच्या भिंतीलगतचा, गरम, मधे पांढरी जाळी असलेला मूठभर मुरघास मी काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला.

"खिशातलं राहू दे," मी म्हटलं. "हे खा. कालवडींना मी हेच घालते."

साहेब हसत होते, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. भावानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. लहानपणी काही फुटलं की आई यायच्या आत तो माझ्याकडे असंच बघायचा. मग त्यानं मुरघासाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि माझ्या हातातून तो घेतला. मला वाटलं, आता फेकतो. त्यानं तोंडात टाकला.

चावायला लागल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कानशिलं लाल झाली. एकदा घशातून आवाज आला, आणि मला वाटलं की आता तरी थुंकेल. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, थुंक रे बाबा, थुंक. त्यानं नेहमीइतकाच वेळ चावलं, मान वर केली आणि गिळलं.

"उत्तम," तो म्हणाला. "जे माझ्या पोटाला चालतं ते जनावराच्या पोटाला चालतं."

अशा टाळ्या त्या आवारात कधी पडल्या नव्हत्या. साहेबांनी त्याला मिठी मारली. मी ओरडून सांगत होते की हे खोटं आहे, बुरशी बघा, चारा हातात घेऊन बघा; पण मघाशी मीच तो चारा त्याच्या हातात दिला होता आणि त्यानं तो खाल्ला होता. माझ्याकडे कोण बघणार? मालकांनी तेवढं ऐकून घेतलं. ते माझ्याजवळ आले आणि अगदी सौम्यपणे बोलले. ते म्हणाले की चाऱ्याबद्दल माझ्या मनात शंका होती, ती आता सगळ्यांसमोर मिटली. कालवडी तर हाडांवर आल्या आहेत. म्हणजे दोष चाऱ्यात नाही. पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण दुपारी त्यांची गाडी आली. भोकाड गाडीत चढायला तयार नव्हती. दोन माणसांनी तिला मागून ढकललं, आणि तरी ती ओरडली नाही.

संध्याकाळी भावजयीचा फोन आला. बंधुराज उलट्यांनी आडवे झाले होते. मी जाणार नव्हते, पण गेले. खाटेवर भोकांचा शर्ट घालून तो पडला होता, खाली बादली, चेहरा पिठासारखा. दोघींनी त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजलं. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. हे माणसांचे डॉक्टर, त्यांनी निदान काय खाल्लं ते नीट विचारलं आणि उत्तर ऐकून पुन्हा विचारलं.

भावजय आत गेल्यावर तो माझा हात धरून म्हणाला, "ताई, तुझ्यासाठी गिळलं गं. वाईट आहे म्हटलं असतं तर मालकांनी तुझा गोठा मोडला असता."

त्याला ते खरंच वाटत होतं. एवढ्या वेळात त्यानं स्वतःची अशी समजूत घालून घेतली होती, आणि तीत तो मोठा त्यागी भाऊ होता.

"माझ्यासाठी थुंकायचं होतंस," मी म्हटलं. "तू उत्तम म्हणालास. मग कालवडी वाळल्या कोणामुळे? उरलं कोण?"

त्याला हे सुचलंच नव्हतं. मी त्याचा चेहरा बघत होते. समजायला वेळ लागला, पण समजलं. तो रडायला लागला. रडता रडता त्याला उमासे येत होते, तरी त्यानं उशीखालून फोन काढला आणि म्हणाला, आत्ता सांगतो मालकांना, सगळं सांगतो. डबा सांगतो, दाबू दिलं नाही ते सांगतो, कॅन कमी पडले ते सांगतो. साहेबांना कळलं तर कळू दे. मला वाटलं, या माणसाला मी जन्मभर ओळखत आले आणि अजून पुरतं ओळखलं नाही.

त्यानं फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. त्यानं खरोखर सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. चारा बुरसटलेला होता, मी खोटं बोललो, ताईचा काही दोष नाही, कालवडी परत पाठवा, असं तो खोकत खोकत बोलला. आयुष्यात इतकं सरळ बोलताना मी त्याला ऐकलं नव्हतं. पलीकडे मालक शांतपणे ऐकत होते. त्याचं संपल्यावर ते हसले, प्रेमानं.

"अहो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तुम्ही खाल्लंत," ते म्हणाले. "बहिणीची अब्रू झाकायला स्वतःचं नाव खराब करायला निघालात, यातच सगळं आलं. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. ताईंना सांगा, मनाला लावून घेऊ नका. जनावरं सांभाळणं सगळ्यांनाच जमतं असं नाही. आणि हो, कॅनचं तुमच्या साहेबांशी बोलणं झालंय, पुढच्या हंगामात आमच्या सगळ्या खड्ड्यांना तुमचंच औषध."

फोन बंद झाला. भाऊ माझ्याकडे बघत होता. मी बादली उचलली आणि रिकामी करायला बाहेर नेली.